सैनिकांचे नित्यकर्म

युद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते, ते बहुधा उधळलेल्या घोड्यांचे, उगारलेल्या शस्त्रांचे आणि फडकणाऱ्या निशाणांचे असते. आपल्या पोवाड्यांनी व बखरींनी ही प्रतिमा जोपासली आणि युरोपातील राजवाड्यांच्या भिंतींवरही शतकानुशतके तीच रंगविली गेली. सेनापती मध्यभागी, शत्रू पायदळी आणि भोवती धुराचे लोट, असा या चित्रांचा ठरलेला साचा होता. परंतु जो मनुष्य प्रत्यक्ष रणभूमीवर वर्ष-दोन वर्षे काढून आला आहे, त्याला विचारले तर तो निराळेच सांगेल. त्याच्या आठवणीत लढाईचे तास थोडे असतात. उरलेला सारा काळ पाणी भरण्याचा, मोजे वाळविण्याचा, चहाची वाट पाहण्याचा, उवा मारण्याचा, सामान आवरण्याचा आणि पुन्हा पसरण्याचा असतो. श्रोतेहो, युद्धाचा हा जो मोठा परंतु दुर्लक्षित भाग, तोच आपल्या चित्रांचा विषय करणाऱ्या एका इंग्रज कलावंताची ओळख आज करून द्यावयाची आहे. त्याचे नाव स्टॅन्ले स्पेन्सर.

१९१४ ते १९१८ च्या महायुद्धाने युद्धचित्राचा जुना साचा मोडून टाकला. मैलोन्‌मैल पसरलेल्या खंदकांत लक्षावधी माणसे जमिनीखाली राहू लागली. शत्रू दिसेनासा झाला. सेनापती कित्येक मैल मागे, नकाशापाशी बसू लागला. अशा युद्धात चित्रकाराने रंगवावयाचे तरी काय? निरनिराळ्या कलावंतांनी या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली. जॉन सिंगर सार्जंट याने विषारी वायूने दृष्टी गेलेल्या सैनिकांची, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून चाललेली रांग रंगविली. जर्मनीच्या ऑटो डिक्स याने १९२४ साली ‘युद्ध’ या नावाने पन्नास कोरीव चित्रांचा संच प्रसिद्ध केला. त्यात सडलेली प्रेते, चिखलाने भरलेले खड्डे आणि सांगाड्याशेजारी बसून जेवणारा सैनिक अशी दृश्ये आहेत. डिक्स स्वतः यंत्रबंदूक चालविणारा सैनिक होता, आणि जे पाहिले ते लपवावयाचे नाही, हा त्याचा निश्चय होता. स्पेन्सरही प्रत्यक्ष सैन्यात होता. त्यानेही जे पाहिले तेच रंगविले. पण त्याच्या स्मृतीत राहिले ते निराळे होते.

स्पेन्सरचा जन्म ३० जून १८९१ रोजी टेम्स नदीकाठच्या कुकम या खेड्यात झाला. वडील संगीतशिक्षक होते व चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत. घर मोठे, मुले पुष्कळ, पैसा बेताचा, बायबलचे वाचन मात्र नित्याचे. लंडनच्या स्लेड या प्रसिद्ध कलाशाळेत तो १९०८ ते १९१२ पर्यंत शिकला, तेव्हाही तो रोज आगगाडीने घरी परत येई. म्हणून सोबत्यांनी त्याचे नावच ‘कुकम’ पाडले होते. आपल्या गावच्या गल्ल्या, कुंपणे आणि बागा म्हणजेच स्वर्गाचे अंगण, अशी त्याची भाबडी म्हणा की गाढ म्हणा, श्रद्धा होती. देहाने ठेंगणा, बोलण्यात अखंड आणि स्वभावाने विक्षिप्त अशा या तरुणाला १९१५ साली युद्धाने गावाबाहेर काढले. नदीवरील हंसांच्या मोजणीचे एक चित्र त्या वेळी अर्धवट रंगवून झाले होते. ते घरी तसेच टाकून तो गेला, आणि चार वर्षांनी परत आल्यावरच ते पूर्ण झाले.

शरीरयष्टी लहान असल्यामुळे त्याची योजना प्रथम सैन्याच्या वैद्यकीय विभागात झाली. ब्रिस्टल शहरातील बोफोर्ट रुग्णालयात तो सेवक म्हणून रुजू झाला. हे रुग्णालय मुळात वेड्यांचे इस्पितळ होते. युद्धासाठी ते सैन्याने ताब्यात घेतले, तरी काही जुने मनोरुग्ण तेथेच राहून कामे करीत. लांबच लांब बोळ, असंख्य खाटा आणि न संपणारी कामे! फरशी घासणे, न्हाणीघरातील टब धुणे, चादरी मोजणे, चहाची पिंपे भरणे, जखमींना उचलून नेणे, यांतच दिवस जाई. कालपर्यंत ज्याच्या हाती कुंचला होता, त्याच्या हाती घासण्याचा ब्रश आला. प्रथम त्याला हे सारे असह्य झाले. पुढे डेस्मंड शूट नावाच्या एका सुशिक्षित तरुणाशी त्याची मैत्री जडली. त्याच्यामुळे संत ऑगस्टीनच्या ग्रंथातील एक विचार त्याच्या वाचनात आला. परमेश्वर सदैव कार्यमग्न असतो आणि तरीही सदैव शांत असतो, हा तो विचार होय. स्पेन्सरने तो मनाशी घट्ट धरला. देवाचेच स्वरूप असे असेल, तर फरशी घासणाऱ्यालाही त्या स्वरूपाशी एकरूप होण्याची वाट मोकळी आहे, असे त्याला वाटू लागले.

मराठी माणसाला ही कल्पना नवी नाही. जनाबाईच्या जात्यापाशी विठ्ठल येऊन बसतो, सावता माळ्याला मळ्यातच पंढरी सापडते आणि गोरा कुंभार चिखल तुडवता तुडवता देहभान विसरतो, या कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. स्पेन्सरचा आपल्या संतांशी काही संबंध नव्हता, हे उघडच आहे. परंतु हलक्या मानलेल्या कामात जो भाव त्याला गवसला, तो समजून घेण्यास आपल्याला फारसे लांब जावे लागत नाही, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.

१९१६ च्या ऑगस्टमध्ये त्याची रवानगी मॅसेडोनियाच्या आघाडीवर झाली. फ्रान्समधील आघाडीच्या मानाने ही आघाडी विस्मृतीत गेलेली आहे. १९१५ च्या शरद ऋतूत ब्रिटिश व फ्रेंच फौजा सॅलोनिका बंदरात उतरल्या आणि पुढे तीन वर्षे बल्गेरियाच्या सैन्यासमोर डोंगराळ मुलुखात खंदक खणून बसल्या. मोठ्या लढाया थोड्याच झाल्या. तोफगोळ्यांपेक्षा हिवतापानेच कितीतरी अधिक माणसे अंथरुणाला खिळविली. हे सैन्य लढत नाही, नुसती जमीन खणते, म्हणून त्याला ‘सॅलोनिकाचे माळी’ असे कुचेष्टेने म्हटले जाई. स्पेन्सर तेथे प्रथम जखमींची ने-आण करणाऱ्या पथकात होता. खेचरांच्या मागे जोडलेल्या ओढणगाड्यांवरून जखमी आणले जात. १९१७ मध्ये त्याने स्वतः होऊन पायदळात बदली मागून घेतली आणि बर्कशायर पलटणीबरोबर तो पुढच्या खंदकांत राहिला. हिवतापाने त्यालाही सोडले नाही. युद्ध संपत आले असताना, १९१८ च्या सप्टेंबरमध्ये, त्याचा भाऊ सिडनी लढाईत मारला गेला.

परत आल्यावर सरकारच्या वतीने त्याने एक मोठे चित्र रंगविले. स्मोल या ठिकाणच्या उपचारकेंद्रात रात्री जखमी आणले जात आहेत, असे ते दृश्य असून ते आज लंडनच्या युद्धसंग्रहालयात आहे. परंतु एवढ्याने त्याच्या मनावरचा भार हलका झाला नाही. १९२३ साली, हेन्री लॅम या चित्रकार मित्राच्या घरी राहत असताना, त्याने एका काल्पनिक प्रार्थनामंदिराचे आराखडे काढले. मंदिर कोठे बांधावयाचे, पैसा कोण देणार, यांपैकी कशाचाही पत्ता नव्हता! लुई व मेरी बेहरेंड या दांपत्याने ते आराखडे पाहिले. मेरीबाईंचा भाऊ, लेफ्टनंट हॅरी सँडहॅम, याच मॅसेडोनियात जडलेल्या आजाराने १९१९ मध्ये मरण पावला होता. त्याच्या स्मरणार्थ हे मंदिर बांधावयाचे, असे त्यांनी ठरविले. हॅम्पशायर परगण्यातील बर्गक्लिअर या खेड्यात, लायनेल पिअर्सन या वास्तुशिल्पज्ञाच्या हातून ते उभे राहिले. १९२७ ते १९३२ अशी पाच वर्षे स्पेन्सर त्याच गावी राहून चित्रे रंगवीत होता.

ही रचना कशी आहे, ते थोडक्यात सांगतो. इटलीतील पाडुआ येथे जॉट्टो या थोर चित्रकाराने सातशे वर्षांपूर्वी एक मंदिर आतून संपूर्ण रंगविले आहे, तो स्पेन्सरचा आदर्श होता. जॉट्टोप्रमाणे ओल्या गिलाव्यावर रंगविणे इंग्लंडच्या दमट हवेत जमण्यासारखे नव्हते. म्हणून त्याने कॅन्व्हासवर तैलरंगांत काम केले. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर कमानीच्या आकाराची चार चार चित्रे आहेत आणि प्रत्येकाच्या खाली एक लहान आडवे चित्र आहे. कमानींच्या वर, दोन्ही भिंतींवर, छावणीची दोन विस्तीर्ण दृश्ये आहेत. समोरची, म्हणजे वेदीमागची भिंत एकाच चित्राने व्यापली आहे. अशी एकूण एकोणीस चित्रे झाली. युरोपातील जुन्या मंदिरांत या जागी संतांची चरित्रे आणि ख्रिस्ताचे चमत्कार असत. स्पेन्सरने त्या जागी काय घातले, हे आता पाहू.

दाराशी पहिले चित्र जखमींनी भरलेल्या मोटारीचे आहे. रुग्णालयाचे अजस्र फाटक उघडले जात आहे आणि हात झोळीत अडकविलेले सैनिक दाटीवाटीने बसले आहेत. त्याच्या खालच्या चित्रात एक सैनिक बोळाच्या फरशीवर चक्क पालथा पसरून फरशी घासत आहे. तोफांच्या माऱ्याने याचे मन ढळले आहे; घासण्याचे काम सोडले तर जगाशी त्याचा संबंध उरलेला नाही. जवळून पावांची तबके घेतलेले सेवक लगबगीने जात आहेत. पुढे न्हाणीघर येते. कोणी डोक्याला साबण चोळतो आहे, कोणाच्या पाठीवर औषधाचा हात फिरतो आहे, कोणी नळ पुसून लखलखीत करतो आहे. सामानाच्या पिशव्यांची रास, कपड्यांची मोजदाद, चहाची पिंपे, पाव आणि मुरंबा, खाटा घालणे, खाटांशेजारची कपाटे धुणे, हे सारे एकामागून एक येते. कपाटे धुण्याच्या चित्रात दोन मोठ्या टबांच्या मधल्या बोळकांडीत एक माणूस गुडघे टेकून काम करीत आहे. रुग्णालयाच्या गजबजाटात ही एवढीशी जागा स्पेन्सरला आसऱ्यासारखी वाटे. थंडीने पावले गोठून कातडे मेलेल्या सैनिकाचेही एक चित्र आहे. त्याचे पाय हळुवार हातांनी खरवडले जात आहेत.

उरलेली दृश्ये बव्हंशी मॅसेडोनियातील आहेत. उन्हाने रापलेल्या डोंगरात खडकातून पाणी झिरपते आहे आणि तहानलेले सैनिक खडकावर ओणवे होऊन बाटल्या भरीत आहेत. त्यांचे झगे वाऱ्याने असे उलगडले आहेत की, त्यांना पंख फुटल्याचा भास व्हावा. दुसऱ्या एका चित्रात तळाभोवतीचे वाळके गवत सैनिक स्वतःच जाळीत आहेत, वणवा तंबूंपर्यंत येऊ नये यासाठी ही खबरदारी. आणखी एका चित्रात घोड्यावरील अधिकारी भला मोठा नकाशा पसरून वाचतो आहे. त्याची टोळी मात्र रस्त्याच्या कडेला पाय ताणून पडली आहे. काही जण झुडपांतील फळे तोडण्यात दंग आहेत. साऱ्या मंदिरात अधिकारी असा हा एवढाच आहे, आणि त्याच्याकडे कोणाचेच लक्ष नाही!

खंदकाचे चित्र या मालिकेत विशेष मोलाचे आहे. पहाटेची वेळ आहे. भुयारी निवाऱ्यांतून सैनिक बाहेर येत आहेत, सामान अंगावर चढविण्याच्या तयारीत आहेत. या प्रहरी हल्ल्याची भीती सर्वांत अधिक, म्हणून रोज पहाटे सर्वांनी सज्ज होऊन उभे राहण्याचा दंडक असे. परंतु या सैनिकांच्या हालचाली मध्येच थबकल्या आहेत. एके दिवशी सकाळी आपण भुयारातून वर यावे आणि पाहावे तो काय, युद्ध संपले आहे, सर्वत्र शांतता आहे, असे झाले तर किती छान होईल, हा विचार खंदकात असताना स्पेन्सरच्या मनात येत असे. तोच क्षण त्याने येथे धरला आहे. समोरच्या भिंतीवरील एका चित्रात याचेच दुसरे रूप दिसते. तंबूत मच्छरदाण्यांखाली सैनिक जागे होत आहेत आणि दारातून डोकावणारे सोबती युद्ध थांबल्याची बातमी देत आहेत. विजयाची आरोळी नाही, टोप्या उडविणे नाही. हिवतापाच्या डासांनी भरलेली एक सकाळ आहे, आणि तेवढ्यात ही बातमी येते.

वरच्या दोन दृश्यांत कारासुलीची छावणी आणि टोडोरोवाजवळील नदीचे कोरडे पात्र आहे. छावणीत कोणी न्याहारी तळतो आहे, कोणी संगिनीच्या टोकाने कागदाचे कपटे टिपून कचरा गोळा करतो आहे. हा कचरा टिपणारा म्हणजे स्वतः चित्रकार होय. नदीच्या पात्रात कपडे धुतले जात आहेत, आणि काही सैनिक रंगीत गोटे मांडून आपल्या पलटणीचे चिन्ह तयार करीत आहेत. मरण उशाशी असताना माणूस गोटे मांडीत बसतो! युद्धाच्या इतिहासात ही नोंद कोठे सापडणार?

आता वेदीमागील चित्र. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे अखेरच्या दिवशी मृत माणसे थडग्यांतून उठतात. येथे मॅसेडोनियाच्या माळावर सैनिक उठत आहेत. कोणी सोबत्याशी हस्तांदोलन करतो, कोणी पायाच्या पट्ट्या सोडतो, कोणी अंगाभोवतीची काटेरी तार दूर करतो. प्रत्येकाच्या थडग्यावर एक पांढरा लाकडी क्रूस होता. तो उचलून प्रत्येक जण ख्रिस्ताकडे नेऊन देत आहे, नोकरी संपल्यावर सरकारी सामान कोठारात जमा करावे तसा! ख्रिस्त मात्र मोठा व तेजस्वी नाही. तो दूरवर, लहानसा, पांढऱ्या वस्त्रात बसलेला असून सैनिकांकडून क्रूस घेत आहे. चित्राच्या मध्यभागी गाडीला जुंपलेली दोन पांढरी खेचरे आहेत. तीही मरून पडली होती, आणि आता माना वळवून ख्रिस्ताकडे पाहत आहेत. सैन्याचे ओझे वाहून मेलेल्या मुक्या जनावरांनाही या पुनरुत्थानात जागा आहे.

येथे एक आक्षेप स्वाभाविकपणे मनात येतो. लक्षावधी माणसे ज्यात चिरडली गेली, त्या युद्धाचे चित्रण चहा, चादरी आणि बादल्या यांच्या आधाराने करणे म्हणजे भीषणतेवर पांघरूण घालणे नव्हे काय? डिक्सची चित्रे पाहणाऱ्याला हा प्रश्न अधिकच टोचेल, आणि तो टाळून चालणार नाही. माझ्या मते त्याचे उत्तर त्या चित्रांतच आहे. फरशीवर पालथा पडलेला तो सैनिक, खरवडली जाणारी ती पावले आणि एकावर एक रचलेले ते असंख्य क्रूस पाहिले, म्हणजे स्पेन्सर मरण विसरला होता असे कोणी म्हणणार नाही. परंतु युद्ध माणसाचे काय करते, हे डिक्स सांगतो. युद्धातही माणूस माणूस कसा राहतो, हे स्पेन्सर सांगतो. पहिल्या साक्षीवाचून युद्धाचा गौरव करण्याचा मोह सुटणार नाही. दुसरीवाचून मेलेले सैनिक केवळ प्रेतांचे आकडे होऊन बसतील. दोन्ही साक्षी खऱ्या आहेत, आणि न्यायासनापुढे दोन्ही लागतात.

हा प्रश्न परदेशापुरता नाही. त्याच महायुद्धात महाराष्ट्रातून आणि कर्नाटकाच्या सीमाभागातून हजारो माणसे सैन्यात गेली. ज्या मराठा पलटणींचे केंद्र आज बेळगावात आहे, त्यांतील सैनिक मेसोपोटेमियात लढले. १९१५ च्या डिसेंबरपासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कूट येथे जो वेढा पडला, त्यात अडकलेल्या सैन्यात मराठा शिपाईही होते. तेथे अखेरीस घोडे आणि खेचरे मारून खाण्याची पाळी आली. हिंदी सैनिकांपैकी बहुतेकांनी दीर्घकाळ ते मांस नाकारले आणि उपासमार सोसली. आपल्याकडील कित्येक गावांत एक संगमरवरी शिळा आढळते. या गावातून महायुद्धावर इतके पुरुष गेले आणि त्यांपैकी इतके मरण पावले, एवढाच मजकूर तीवर असतो. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाच्या नावालाच तर ‘मिलिटरी’ हा शब्द जोडला गेला आहे. त्या शिळेवरचा आकडा खरा आहे, पण तो मुका आहे. मेसोपोटेमियाच्या उन्हात पाणी कोणी वाहिले, भाकरी कशी भाजली, तापाने फणफणलेल्या सोबत्याच्या कपाळावर ओली पट्टी कोणी ठेवली, हे त्या आकड्याला सांगता येत नाही.

म्हणून अशा चित्रांचे महत्त्व केवळ कलेपुरते नाही. सेनापतींचे पुतळे उभारण्यास राज्ये समर्थ असतात. पाणक्याचे, धोब्याचे, खेचर हाकणाऱ्याचे स्मारक करण्यास स्पेन्सरसारखा कलावंत लागतो. दुसऱ्या महायुद्धात सरकारने त्याला पुन्हा बोलाविले. तेव्हाही तो क्लाइड नदीवरील जहाजांच्या कारखान्यात गेला आणि त्याने पोलाद जोडणारे व कापणारे कामगारच रंगविले. १९५९ साली त्याला ‘सर’ हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी १४ डिसेंबर रोजी तो निवर्तला. बर्गक्लिअरचे मंदिर १९४७ पासून इंग्लंडच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात आहे.

आपल्या घरांतून, वाड्यांतून आणि जुन्या ट्रंकांतून अजूनही एखाद्या पणजोबांचे पितळी पदक, एखादे पिवळे पडलेले पत्र, सैन्यातील एखादा पेला सापडतो. पदक आपण दिवाणखान्यात लावतो आणि पेला अडगळीत टाकतो. स्पेन्सरची चित्रे पाहिलेला मनुष्य बहुधा याच्या उलट करील. निदान तो पेलाही पदकाशेजारी ठेवील. पदक एका दिवसाचे असते, आणि तो पेला त्या माणसाने रोज हातात धरलेला असतो.